गार्डसाहेबांची अमेरिकन घड्याळं

संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. म्हणाले, "काकू, अंकासाठी तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा." मी म्हटलं, आधी फोन ठेवा, ही स्प्रिंग उडाली तर शोधायला तुम्हालाच बोलवीन. त्यांनी संध्याकाळी परत फोन केला. माणूस चिवट निघाला, म्हणून हे लिहिते आहे.

पनवेलच्या जुन्या बाजारात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. दुकान मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी काढलं. आमचे यजमान सरकारी नोकरीत होते, त्यांना पेनचं टोपण लावायचाही धीर नाही. मी नवी सून होते तेव्हा नणंदेच्या साखळीचा एकदा असा गुंता झाला की घरातल्या सगळ्यांनी ओढाओढ करून हात टेकले. मी ती परातीत पसरली आणि दुपारभर बसून सोडवली. मामंजी लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, उद्यापासून सूनबाई दुकानात येईल. सासूबाईंनी वाढता वाढता पळी आपटली, पण मी गेले. तेव्हापासून त्याच खुर्चीवर आहे. अजूनही नवीन गिऱ्हाईक आलं की आत डोकावून विचारतं, "भाऊ नाहीत का?" मी सांगते, भाऊ घरी पेपर वाचतायत, घड्याळ मीच बघते, द्या इकडे.

आता कामाचं म्हणाल तर बरंचसं सेल बदलण्याचं आणि पट्टे लावण्याचं. त्यात काय सांगण्यासारखं आहे? सांगण्यासारखं जे आहे ते एका माणसाचं आणि त्याच्या नऊ घड्याळांचं. तेवढंच सांगते.

देवस्थळी मालगाडीचे गार्ड. हल्ली त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. ते ऐकलं की त्यांचं डोकं फिरायचं. मी काय हॉटेल चालवतो का, म्हणायचे. आम्ही सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणतो. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं असं की समोरचा उगाचच सरळ उभा राहतो. ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा नोकरीतच होते. खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. खिशातलं घड्याळ, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. मामंजींच्या वेळची खिशातली घड्याळं मी पुष्कळ पाहिली होती, पण हे हातात घेतलं आणि वजनानेच कळलं की हे काहीतरी वेगळं प्रकरण आहे. पांढरीशुभ्र तबकडी, त्यावर ठसठशीत काळे आकडे, जाड काळे काटे, वर बारापाशी चावी. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून वेळ वाचता यावी असा सगळा कारभार.

मी चावी दिली, घड्याळ सुरू झालं. मग वेळ लावायला चावी वर ओढली. हलेना. जरा जोर केला. तेवढ्यात गार्डसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ओढू नका. ते ओढून येणार नाही."

मला राग आला. माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर मला शिकवणारे हे कोण? मी म्हटलं, इतकी वर्षं चाव्या ओढतेच आहे. त्यांनी घड्याळ घेतलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवावं तशी पुढची काच फिरवून काढली, आणि तबकडीच्या कडेला एकाच्या आकड्यापाशी दडलेली पोलादाची एक बारीक पट्टी नखाने बाहेर ओढली. मग चावी फिरवली. काटे फिरले. पट्टी आत सारली, काच परत आवळून बसवली.

"हा लीव्हर," ते म्हणाले. "ह्याच्याशिवाय काटे हलत नाहीत. म्हणजे ही वेळ चुकून बदलायची नाही. बदलायची तर कुणीतरी ठरवूनच बदलावी लागते."

अमेरिकेतल्या रेल्वेचं घड्याळ होतं ते. शंभर वर्षांपूर्वीचं तरी असेल. मग त्यांनी मला ती सगळी हकिगत सांगितली, आणि मी इतकी रंगले की एक बाई मुलाचं घड्याळ घेऊन पायरीवर ताटकळत होती ते मला दिसलंच नाही. तिकडे तेव्हा कितीतरी ठिकाणी एकच रूळ असायचा. समोरून येणारी गाडी अमक्या वेळी अमक्या स्टेशनात बाजूला लागणार, तोवर तुम्ही इकडे थांबायचं, इतकाच काय तो आधार. मधे विचारायला कुणी नाही. दोन गाड्यांच्या घड्याळांत चार-पाच मिनिटांचा फरक पडला की दोघी एकाच रुळावर समोरासमोर. म्हणून रेल्वेने घड्याळाचे नियम केले. आकडे मोठे हवेत, झाकण नको, उभं धरा, आडवं धरा, पालथं ठेवा, उन्हात न्या, बर्फात न्या, चाल बदलता कामा नये. आणि वेळ लावायला लीव्हरच हवा, कारण खिशातून काढता-घालता चावी ओढली जाऊन काटा सरकला तर माणसं मरतील. रेल्वेने नेमलेला घड्याळजी ती घड्याळं ठरावीक मुदतीने तपासायचा. त्याने नाही म्हटलं की ड्रायव्हर कितीही जुना असो, ते घड्याळ घेऊन गाडीवर चढायचं नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला कुठेतरी एवढा मान होता हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मग मी मागचं झाकण उघडलं. खरं सांगते, हात थांबला. आतल्या पत्र्यांवर लाटालाटांची नक्षी, एकसारखी, कडेपर्यंत. लाल खडे सोन्याच्या कड्यांत बसवलेले. चाल कमी-जास्त करायला एक स्क्रू, इतका नाजूक की श्वास सोडताना जपावं. वापरणारा माणूस जन्मात हे झाकण उघडत नाही. उघडतो तो फक्त घड्याळजी. म्हणजे ही नक्षी त्यांनी माझ्यासाठीच काढली, असं मी तेव्हापासून धरून चालले आहे.

गार्डसाहेबांनी अशी नऊ घड्याळं जमवली. भंगारवाल्यांकडून, जहाजावर नोकरी केलेल्यांच्या घरांतून, जुन्या बाजारातून. प्रत्येक घड्याळ आधी माझ्या टेबलावर यायचं. बरीच खोटी निघायची. एकदा कळंबोलीचा एक लोखंडाचा व्यापारी त्यांची कीर्ती ऐकून स्वतःचं घड्याळ दाखवायला आला. मागच्या झाकणावर धूर सोडणारं इंजिन कोरलेलं. छाती पुढे काढून म्हणाला, अस्सल रेल्वेचं. गार्डसाहेबांनी नुसतं उलटसुलट करून परत दिलं. म्हणाले, खऱ्या ड्रायव्हरला दिवसभर इंजिनच दिसतं, त्याला झाकणावर कशाला हवं, हे हौशी लोकांसाठी केलेलं आहे. व्यापारी नाराज झाला. निदान चमकवून तरी द्या, मला म्हणाला. मी नाही म्हटलं, तर त्याने घरी जाऊन भांडी घासायच्या पावडरीने स्वतःच चमकवलं. पुढच्या वेळी आला तेव्हा इंजिनाचा धूर गेला होता आणि अर्धं धुराडंही.

गार्डसाहेबांना हे चमकवणं अजिबात खपायचं नाही. जे मुळात होतं तेच राहिलं पाहिजे. एकदा एका घड्याळाच्या स्क्रूची खाच झिजलेली, पेचकस घसरायचा, म्हणून मी माझ्या खणातला तसाच दुसरा बसवला. घरी जाऊन त्यांनी भिंगातून पाहिलं असणार. परत आले आणि म्हणाले, माझा स्क्रू द्या. मी म्हटलं, अहो झिजलाय तो. तर म्हणे, झिजला असेल, पण त्याचा आहे. तो परत बसवेपर्यंत माझ्याशी अबोला. असा हट्टी माणूस. पण मला आवडायचा तो हट्ट. घड्याळाचं एवढं मन राखणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

करंजाची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. कुणीतरी त्यांना सांगितलं की करंजाच्या बंदरात चंद्राबाई म्हणून मासळीचा धंदा करणारी बाई आहे, तिचा आजोबा बोटीवर होता, तिच्याकडे असलं घड्याळ आहे. एका रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. लिलाव चालू होता. चंद्राबाई दोन बोलींच्या मधे आमच्याशी बोलायची आणि पुन्हा टोपल्यांकडे वळायची. गळांच्या डब्यातून तिने घड्याळ काढून दाखवलं. मी बघताच ओळखलं, अस्सल होतं. गार्डसाहेबांच्या चेहऱ्यावर तर देव भेटल्यासारखा भाव. पण ते विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आज्याचा हाय. इकायचा नाय." ते म्हणाले, विकू नका बाई, फक्त उघडून बघू द्या.

ते बंद पडलेलं होतं, तिने दिलं आणि मी ते दुकानात आणलं. आत खारट दमट हवेने सगळं धरलं होतं. पुष्कळ दिवस पुरलं मला. चालू झालं तेव्हा गार्डसाहेब स्वतः ते करंजाला परत देऊन आले, तिला लीव्हर कसा ओढायचा तेही शिकवून आले. मी विचारलं, जीव नाही तुटला द्यायला? ते म्हणाले, घड्याळ चाललं म्हणजे झालं, कुणाच्या का घरात असेना. त्यानंतर दरवर्षी चंद्राबाई त्यांना सुकटीची पिशवी पाठवायची. देवस्थळी पडले शुद्ध शाकाहारी. ती पिशवी दोन बोटांत धरून ते दुकानात यायचे, आणि ती म्हात्रे घेऊन जायचे.

म्हात्रे म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. तुकाराम म्हात्रे, ओवे गावचे. मालगाडीच्या पुढच्या टोकाला म्हात्रे, मागच्या टोकाला देवस्थळी, मधे डबेच डबे. दिवसभर एका गाडीवर असून एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. ते सगळं राहून गेलेलं बोलणं दोघांनी निवृत्तीनंतर काढलं. रोज सकाळी म्हात्रे बसने पनवेलला यायचे, दोघं तलावाला फेऱ्या मारायचे, चहा प्यायचे आणि भांडायचे. म्हात्र्यांच्या मनगटाला सेलचं साधं घड्याळ. ते देवस्थळींना मुद्दाम डिवचायचे, तुमच्या नऊ घड्याळांना रोज चावी द्यावी लागते, माझं बघा, दोन वर्षं विचारत नाय. गार्डसाहेब मान फिरवायचे. त्या दोघांकडे बघून माझा दिवस चांगला जायचा.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि गार्डसाहेब एक घड्याळ घेऊन आले. म्हणाले, पुढे जातंय. मी ठेवून घेतलं, उघडलं, धुतलं, तेल दिलं. माझ्याकडे ते व्यवस्थित चाललं. परत नेलं आणि चार दिवसांत पुन्हा हजर. आता मागे पडतंय म्हणाले. मग दुसरं, मग तिसरं. दिवाळीपर्यंत शैलाताई, त्यांच्या पत्नी, स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात सगळी नऊ घड्याळं फडक्यांत गुंडाळून घेऊन आल्या. मागे गार्डसाहेब होतेच. दुकानात तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत त्यांनी मला विचारलं, "घाणेकरबाई, तुमच्या हाताला काय झालंय? की तेल स्वस्तातलं वापरायला लागलात?"

आजवर मला कुणी असं बोललं नव्हतं. जिभेवर काही तिखट आलं होतं, पण शैलाताईंचा चेहरा बघितला आणि गिळलं.

मी नऊच्या नऊ घड्याळं टेबलावर मांडली. उभी, आडवी, पालथी. मोबाईल शेजारी ठेवून रोज ताडून बघितली. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. म्हाताऱ्यांची चाल बघून थक्क व्हावं. एकही घड्याळ लाजायला लावण्याएवढं हललं नाही. मग घरी जाऊन यांना होतं तरी काय? एकाच घरात एक पाऊण तास पुढे, दुसरं दोन तास मागे, तिसरं भलतीकडेच? मी एक हातात घेऊन वेळ लावायला काच फिरवली, नखाने लीव्हर ओढला, आणि तिथेच मला समजलं. ही वेळ चुकून बदलत नाही. कुणीतरी काच उघडतो आहे, लीव्हर ओढतो आहे, ठरवून काटे फिरवतो आहे. शैलाताईंना लीव्हर कुठे असतो हेही माहीत नाही. त्या घरात हे करणारा माणूस एकच होता.

आठवडाभर धुमसत होता तो राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी मी शैलाताईंना गाठलं. त्यांनी काही लपवलं नाही. दुपारी झोपून उठले की सकाळ झाली समजून आंघोळीला जातात, म्हणाल्या. मग खिशातलं घड्याळ बघतात, हे चुकलंय म्हणतात, आणि 'दुरुस्त' करतात. डॉक्टरांना दाखवलं होतं. विसरण्याचा आजार, हळूहळू वाढणारा. त्यांनी माझा हात धरला. त्यांना वाटतंय घड्याळं बिघडलीत, तेच वाटू दे, म्हणाल्या. दुसरं काही कळलं तर ते उभे राहणार नाहीत.

आता बघा माझी पंचाईत. माझा हात चांगला आहे हे सिद्ध करायला मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, गार्डसाहेब, लीव्हर बघा. ते क्षणात समजले असते, कारण मला तो त्यांनीच दाखवला होता. आणि तेच मला म्हणता येत नव्हतं. मी घड्याळं तशीच परत दिली. ते बाजारात सांगत सुटले की घाणेकरबाईंचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं मला येऊन विचारूनही गेली. हसत हसत ऐकलं असं नाही म्हणणार. फार लागलं मला. घरी येऊन यजमानांवर उगाच डाफरले. पण लीव्हर हा शब्द तोंडातून काढला नाही.

थोड्याच दिवसांनी म्हात्रे एकटेच आले. पट्ट्याचा खिळा सैल झाला होता. घड्याळ हातात घेतलं तर पाऊण तास पुढे. सेलचं घड्याळ पाऊण तास पुढे जाईल कशाला? मी सवयीने चावी ओढून काटा फिरवायला गेले, तर म्हात्र्यांनी घड्याळच ओढून घेतलं.

"राहू द्या बाई. तो टाईम गार्डनी दिलेला हाय."

मग त्यांनी मला सांगितलं. गाडी सुटायच्या आधी गार्डने आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाबरोबर लावायचं आणि ड्रायव्हरला टाईम द्यायचा. ड्रायव्हरने आपलं घड्याळ त्याच्याबरोबर करायचं. नोकरीभर रोज हे झालं. निवृत्त झाल्यावरही दोघांनी ते सोडलं नाही. सकाळी फेऱ्या सुरू करायच्या आधी गार्डसाहेब खिशातून घड्याळ काढून टाईम सांगायचे आणि म्हात्रे आपलं घड्याळ लावायचे. गंमत म्हणून सुरू झालं असेल, पण दोघं ते गंभीरपणे करायचे. मी विचारलं, पण ते चुकीचं सांगतायत, तुम्हाला माहीत आहे ना?

"म्हाईत हाय. गणपतीच्या आधीपासून म्हाईत हाय. त्यांनी दिला तो टाईम. मी ड्रायव्हर हाय, मी नाय बदलायचा."

बस कशी पकडता, मी विचारलं. त्यांनी खिशावर हात मारला. बस पकडायला मोबाईल होता. मनगटावरचा टाईम फक्त गार्डसाहेबांसाठी. रोज वेगळा असतो, म्हणाले, कधी पुढे, कधी मागे, मी लावून घेतो. एवढं सांगून त्यांनी पट्टा बांधला आणि ते निघाले. मी खुर्चीवर बसून रडले. त्या दिवशी एका बाईला सेल उलटा घालून दिला.

पण देवस्थळी ते देवस्थळीच. आजार झाला म्हणून हुशारी एका दिवसात जात नाही, चांगले तास असतात. अशाच एका चांगल्या सकाळी ते म्हात्र्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथे भिंतीवर घड्याळ. त्यांच्या खिशातल्याशी जुळेना. त्यांनी शेजारच्या माणसाला वेळ विचारली, मग काउंटरवरच्या मुलीला विचारली. सगळ्यांची भिंतीवरच्या घड्याळासारखीच. मग त्यांनी म्हात्र्यांचं मनगट धरून बघितलं. सगळ्या दवाखान्यात त्यांच्या घड्याळाशी जुळणारं घड्याळ एकच, म्हात्र्यांचं. म्हात्रे म्हणाले, साहेब, भिंतीवरचा चुकलाय. म्हात्र्यांना खोटं बोलता येत नाही, त्यांचा चेहरा बघूनच देवस्थळींना काय ते कळलं. तपासणी तशीच टाकून ते उठले आणि दोघं थेट माझ्या दुकानात आले.

मी बाकीच्या गिऱ्हाइकांना नंतर यायला सांगितलं. गार्डसाहेब उभेच राहिले.

"बाई, माझी घड्याळं चालतायत का?"

"चालतायत."

"सगळी?"

मी मान हलवली.

"म्हणजे तुमचं तेल चांगलं होतं," ते म्हणाले. "लीव्हर मीच ओढत होतो."

म्हात्रे पायरीकडे तोंड करून उभे होते. मग गार्डसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं आणि सांगितलं, ह्याचा लीव्हर काढून टाका. बाकीच्यांचेही काढा.

मी चक्क नाही म्हटलं. लीव्हर काढायचा म्हणजे तबकडी उतरवायची, आतला मूळ भाग सोडवायचा. एका झिजलेल्या स्क्रूसाठी अबोला धरणारा हा माणूस, आणि आपल्या हाताने नऊ घड्याळं अपुरी करा म्हणतो. मी म्हटलं, लीव्हर नसेल तर ते रेल्वेचं घड्याळच राहत नाही, तुम्हीच मला सांगितलंय. दुसरा काहीतरी उपाय काढू. शैलाताई रोज बघतील, मी येऊन बघीन.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोकरीत मी कुठल्या ड्रायव्हरला चुकीचा टाईम दिला नाही. ह्याला कित्येक महिने देतोय, आणि हा मुकाट्याने घेतोय. मी सांगेन तेच हा करणार, बाई. उद्या मला काही आठवणार नाही. म्हणून मला चुकताच येणार नाही असं करून ठेवा."

मी फक्त एवढं विचारलं, आणि उद्या तुम्ही काच उघडून बोटानेच काटे फिरवलेत तर? त्यांना खरोखर अपमान वाटला.

"काट्याला बोट? मी?"

म्हात्रे तिकडे तोंड करूनच हसले आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले.

मी ते काम केलं. एकेक तबकडी उतरवली, एकेक लीव्हर काढला. इतक्या वर्षांत चांगल्या घड्याळातून चांगला भाग मी कधी काढला नव्हता. कारागिराने शंभर वर्षांपूर्वी जीव ओतून बसवलेली पट्टी मी चिमट्याने उचलत होते. गार्डसाहेबांनी बजावल्याप्रमाणे प्रत्येक लीव्हर त्याच्या घड्याळाच्या नंबरसकट वेगळ्या पुडीत ठेवला. माझ्यानंतर ज्याच्याकडे जातील त्याला बसवून द्या, म्हणाले, तोवर तुम्ही सांभाळा. पुड्या माझ्या खणात आहेत. घड्याळांना चावी देता येते, शैलाताई रोज देतात, ती चालतात, पण चावीने त्यांची वेळ आता कुणालाच बदलता येत नाही. रविवारी मी त्यांच्या घरी जाते, मिनिट-अर्ध्या मिनिटाचा फरक असला तर मऊ लाकडाच्या काडीने काटा सरकवून येते. हे काम माझ्या धंद्यात बसत नाही, पण मला ते बाकी सगळ्या कामांपेक्षा मोठं वाटतं.

आता त्यांचं पुष्कळ गेलंय. मला कधी ताई म्हणतात, कधी ओळखत नाहीत. दुपारी उठून आंघोळीला जातात, काच फिरवून काढतात, लीव्हर शोधतात, सापडत नाही म्हणून वैतागतात, आणि काच परत बसवतात. काट्याला अजून बोट लावलेलं नाही. फेऱ्या थांबल्या आहेत. म्हात्रे मात्र रोज सकाळी येतात.

मागच्या रविवारी मी लवकर गेले होते, म्हणून मला ते बघायला मिळालं. म्हात्रे गॅलरीत आले, चप्पल काढली, पाय जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, टाईम." गार्डसाहेबांनी खुर्चीतून मान वर केली. ते म्हात्र्यांना ओळखत होते की नाही, देव जाणे. पण हात खिशात गेला, घड्याळ बाहेर आलं, पाठ ताठ झाली, आणि त्यांनी स्वच्छ आवाजात तास सांगितला, मिनिटं सांगितली. मी माझ्या मोबाईलवर बघितलं. अगदी बरोबर होतं. म्हात्र्यांच्या मनगटावरही तेवढेच वाजले होते. तरी त्यांनी आपल्या घड्याळाची चावी ओढली, काटा जरासा मागे नेला, परत जागेवर आणला, चावी दाबली आणि म्हणाले, "टाईम घेतला, साहेब."